गाविलगडाचा साहेब तोरेस वेद्रासला

लिस्बनला बेलेम भागात, तेजो नदीच्या काठावर दर्यावर्द्यांचं स्मारक आहे. १९६० सालचं, ५२ मीटर उंच, गलबताच्या नाळेसारखं पाण्याकडे झेपावलेलं. येणारे जाणारे मान वर करून ते बघतात, पण खरी गंमत पायाखाली आहे. समोरच्या चौकात रंगीत संगमरवराचं भलंमोठं दिशाचक्र जडवलंय, त्याच्या मधोमध जगाचा नकाशा आणि पोर्तुगीज जिथे जिथे पोचले तिथलं तिथलं साल. कालिकतचं १४९८.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर अकोटकडे कापूस पिकवलेले. ते चपला हातात घेऊन सरळ हिंदुस्थानावर जाऊन उभे राहिले. नातवाकडून आकडे वाचून घेतले आणि मग मला हाक मारली.

"काऊन वं सूनबाई, सारे आकडे किनाऱ्या-किनाऱ्यानंच हायेत. आपल्या अंगाले कोनीच कसं आलं नाई?"

"मामाजी, ती समुद्रावरची माणसं. अमरावती-अकोल्याला कशाला येतील?"

"कापसासाठी आले असते ना!"

त्यापुढे आमची लिस्बनची सहल या एका वाक्याने हाकली.

पोर्तुगीजांना वऱ्हाड ठाऊक होतं. गार्सिया द ओर्ता नावाचा त्यांचा वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे औषधोपचाराला जायचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या वनस्पतींच्या ग्रंथात दख्खनच्या सुलतानांची हकिगत येते, आणि तिथे आमचा अचलपूरचा इमाद-उल-मुल्क 'मादरेमालुको' होऊन बसलेला आहे. चौलला पोर्तुगीजांचा कोट १५२१ पासून होता. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने इमादशाही गिळली. तेव्हापासून १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या पदरात पडेपर्यंत अचलपूरहून निघालेले बैलांचे तांडे पोर्तुगीजांच्या चौलच्या वेशीपर्यंत एकाच राज्यातून जाऊ शकत होते. बावीस वर्षं वाट मोकळी होती. पण किनाऱ्यावरचे किनाऱ्यावरच राहिले. त्यांना मिरी हवी होती, घोड्यांच्या व्यापारावरची जकात हवी होती आणि समुद्रावर चालणाऱ्या प्रत्येक गलबताकडून परवान्याचे पैसे हवे होते. काळ्या मातीत पाय भरवायची त्यांना गरजच वाटली नाही.

माझ्या मुलाचं म्हणणं वेगळं. तो इथे शिकतो, त्यामुळे त्याला यांचा जरा कळवळा आहे. तो म्हणाला, "आई, सगळं त्या लग्नाने बिघडलं. मुंबई दिली नसती तर अर्धा महाराष्ट्र आज पोर्तुगीज बोलला असता."

मामाजींनी लगेच कान टवकारले. "कोनाचं लगन?"

त्यांना सांगितलं. १६६१ च्या कराराने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि सोबत मुंबई बेट. गोव्याचा कारभारी आंतोनियो द मेलो इ कास्त्रो बेट सोडायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातचा गेला, असं त्याने राजाला लिहून कळवलं, तीनेक वर्षं टाळाटाळ केली आणि १६६५ च्या फेब्रुवारीत नाइलाजाने ताबा दिला. तीन वर्षांनी चार्ल्सने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या गळ्यात बांधलं.

"पोरीच्या आंदनात बंदर देल्लं आन् जावयानं थे मक्त्यानं लावलं," मामाजी म्हणाले. "जावई हुशार हाये."

पण मुलाचा हिशेब मला पटेना. मुंबई पोर्तुगीजांकडे राहिली असती तर १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती सोडली असती का? साष्टी गेली, ठाणं गेलं, वसईसारखा कोट पडला. मुंबई वाचली ती इंग्रजांची होती म्हणून. पोर्तुगीजांची असती तर वसईमागोमाग पेशव्यांच्या दौलतीत जमा झाली असती, आणि पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात चांगलं बंदर मराठ्यांच्या हाती आलं असतं. हे 'जर-तर' मला मुलाच्या जर-तरपेक्षा जास्त आवडतं, हे कबूल.

पण तेवढ्याने वऱ्हाड इंग्रजांपासून वाचलं असतं का? याचं उत्तर लिस्बनच्या उत्तरेला, बसने तासाभरावर असलेल्या तोरेस वेद्रासला मिळालं, आणि ते असं मिळालं की मी रस्त्यातच थांबले.

गाव छोटंसं. वर टेकडीवर साँ व्हिसेंतचा गढीवजा किल्ला, खंदक, तोफांच्या खाचा. लिस्बन फ्रेंचांपासून वाचवायला १८०९-१० मध्ये टेकड्या-टेकड्यांवर असे दीडशेच्या आसपास मोर्चे गुपचूप बांधले, त्यातला हा एक. मुलगा फलक वाचत होता. बांधून घेणारा वेलिंग्टन.

"मामाजी, ओळखलंत का? हा आपला गाविलगडवाला!"

३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही त्याच वसईत. त्यातून लढाई पेटली. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला नागपूरच्या भोसल्यांची फौज मोडली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग दारातच लढता लढता मेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांकडून गेलं ते निजामाकडे. हे सगळं करणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे हाच वेलिंग्टन, पुढे पोर्तुगालला आला. पोर्तुगीजांनी त्याला व्हिमेयरूचा काउंट केलं, तोरेस वेद्रासचा मार्क्विस केलं, व्हिक्टोरियाचा ड्यूक केलं. मेळघाटच्या घाटांतून ज्याच्या फौजेने तोफा ओढून नेल्या तो इथे तारणहार!

आणि तो आमच्याकडे मुंबईहून आलाच नव्हता. त्याची फौज श्रीरंगपट्टणाकडून, दक्षिणेतून वर आली होती. तेव्हा मुंबई आंदणात गेली नसती तरी अडगावची ती संध्याकाळ टळली नसती, असं मला वाटतं.

तारलं म्हणजे कसं, तेही फलकावर आहे. फ्रेंचांना दाणा मिळू नये म्हणून मोर्च्यांपलीकडच्या शेतकऱ्यांना सांगण्यात आलं: गिरण्या मोडा, धान्य जाळा नाहीतर घेऊन निघा, जनावरं हाका. १८१० च्या ऑक्टोबरात फ्रेंच सेनापती मासेना आला, मोर्चे बघून थबकला, उपाशी बसून परत गेला. पण लिस्बनकडे पळालेली हजारो माणसंही भुकेने आणि रोगराईने मेली. मामाजी त्या फलकापाशी बराच वेळ उभे होते. खळ्यातलं धान्य स्वतः जाळायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

त्या काळात पोर्तुगालचं राजघराणं कुठे होतं? इंग्रजी आरमाराच्या पहाऱ्यात १८०७ लाच ब्राझीलला निघून गेलं होतं. आणि गोव्यात? तिथे १७९९ पासून १८१३ पर्यंत इंग्रजी पलटणी तळ ठोकून होत्या. म्हणजे गाविलगड पडला त्या दिवशी पणजीवर निशाण पोर्तुगीजांचं आणि बंदुका इंग्रजांच्या. १७०३ च्या करारापासून पोर्तुगाल दारू विकून इंग्लंडचं कापड घेत होताच. मग मुंबई त्यांच्याकडे असती तरी १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरलाच गेला असता. मध्ये एक दलाल वाढला असता, एवढंच.

हे मी मोठ्या ऐटीत मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "थे ठीक हाये. पन स्वतःच्या गिरन्या निंघाल्यावर?"

हा प्रश्न मी टाळला असता तर बरं झालं असतं. कारण त्याचं उत्तर कल्पनेतलं नाही. विसाव्या शतकात पोर्तुगालला स्वतःच्या गिरण्यांसाठी कापूस हवा झाला आणि सालाझारच्या राजवटीने तो मोझांबिक आणि अंगोलात सक्तीने पेरून घेतला. बियाणं कंपनीचं, रान शेतकऱ्याचं, भाव सरकारचा, विकायचं त्याच कंपनीला. खायच्या पिकाला वेळ उरायचा नाही. न पेरणाऱ्याला मार. जानेवारी १९६१ मध्ये अंगोलातल्या कसांजेच्या सखल भागातल्या लोकांनी कापूस लावायला नकार दिला, बियाणं जाळलं. सरकारने विमानांतून बॉम्ब टाकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा सुटला, पण गोव्यासाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात १९६९ पर्यंत अडकूनच होते.

"आपली सरकारची एकाधिकार खरेदी होती ना," मामाजी म्हणाले, "तवा आमी लय बोंबललो. भाईर कापूस नेला तं पकडत. पन पेरा म्हनून कोनी काठी घेऊन नाई आलं." मग थोड्या वेळाने, "येत नसन कोनी, पन कर्ज येते."

परतीच्या आदल्या दिवशी मुलाने आम्हाला टॉवेलांच्या दुकानात नेलं. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या गिरण्यांचा माल नावाजलेला. मामाजींनी एक टॉवेल उजेडात धरला, कडेचं सूत ओढून बोटांवर ताणलं आणि कापूस कुठला, असं नातवाकरवी विचारलं. दुकानातल्या बाईने चिठ्ठी उलटसुलट केली. विणकाम इथलं, एवढंच तिला सांगता येत होतं.

"लांब धाग्याचा हाये, आपल्या कोरडवाहूतला नाई," मामाजींनी निकाल दिला आणि दोन घेतले, नातवाच्या कार्डावर.