कॅशियरची कंबर

बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं शरीर हळूहळू त्या काउंटरच्याच मापाचं होत जातं. खातेदार डावीकडच्या खिडकीत, पैशांचा खण उजवीकडे गुडघ्याशी. म्हणजे दिवसभर मान एकीकडे आणि कमरेला पीळ दुसरीकडे. त्यात नोटा मोजायची यंत्रं येण्याआधीचा काळ. डाव्या हातात बंडल, उजवा अंगठा चालू आणि श्वास रोखलेला, कारण मोजताना नुसता उसासा टाकला तरी आकडा चुकायचा. संध्याकाळी कॅश टॅली झाली की मगच खांदे खाली यायचे. निवृत्त झाले, कॅश गेली, पण खांदे काही खाली आले नाहीत.

कंबर पन्नाशीपासून कुरकुरत होती. साठी ओलांडल्यावर सकाळी आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा द्यायचा आणि ‘आई गं’ म्हणत उठायचं, हा नेमच झाला. बाम, शेक, पट्टा, गोळ्या, सगळं करून झालं. एमआरआयच्या रिपोर्टात मणक्यांमधल्या चकत्या झिजल्याचं वाचलं आणि खाली पडलेला चमचा उचलायलाही धसका घेतला. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “काकू, पाठ न दुखणाऱ्यांचा काढला तरी हेच दिसतं.” मला ती समजूत वाटली, पण ते खरं निघालं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत होती. केस पांढरे व्हावेत तशी ही आतली झीज. दुखणं आणि झीज यांचं गणित आपण समजतो तितकं सरळ नाही.

पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत गेले, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. टबावर ओणवं होऊन बाळाला अंघोळ घालता घालता एके दिवशी कंबर पुरती धरली. मुलगी म्हणाली, “आई, इथल्या फोल्क्सहोखशूलमध्ये एक वर्ग असतो. जाऊन तर बघ.” या प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शाळा. भाषा, शिवण, स्वयंपाक, काय वाटेल ते तिथे माफक फीमध्ये शिकता येतं. मला वाटलं, कवायत असेल. बघते तर लाकडी जमिनीवर ब्लँकेटं अंथरून, पायात लोकरीचे मोजे घालून माझ्याच वयाची मंडळी उताणी पडलेली. शिकवणाऱ्या बाई काहीच करून दाखवत नव्हत्या. नुसत्या बोलत होत्या. पहिल्या खेपेला मुलगी बाळाला मांडीवर घेऊन माझ्या उशाशी बसली आणि हळू आवाजात मराठीत सांगू लागली, “पाठीचा कुठला भाग जमिनीला टेकतोय ते बघ. बदलू नकोस, नुसतं बघ.”

मी बघितलं. उजवा खुबा जमिनीत रुतलेला, डावा खांदा जमिनीपासून उचललेला. निवृत्तीला इतकी वर्षं होऊन, परदेशात उताणी पडलेली मी अजून काउंटरवरच बसले होते.

मग घड्याळ आलं. गुडघे दुमडून तळवे टेकायचे आणि कमरेखालच्या सपाट हाडाखाली घड्याळाची तबकडी आहे असं धरायचं. बारा कमरेकडे, सहा माकडहाडाकडे, तीन आणि नऊ दोन्ही बाजूंना. आता शरीराचा भार बारावरून सहावर न्यायचा, परत आणायचा. इतका हलका, की शेजारच्याला कळू नये. मग तीन ते नऊ, मग एकेका आकड्यावरून पूर्ण फेरी. माझी फेरी एका बाजूने सुरळीत जायची आणि दुसऱ्या बाजूला चारवरून थेट सातवर उडी मारायची. मधले आकडे लागायचेच नाहीत. जोर लावला की जबडा आवळायचा आणि श्वास थांबायचा, अगदी नोटा मोजताना थांबायचा तसाच. बाई म्हणायच्या, फेरी लहान करा. आणखी लहान. थोड्या थोड्या वेळाने विश्रांती, पाय लांब करून नुसतं पडून राहायचं. तासाच्या शेवटी पुन्हा पाठ टेकवून पाहिली तेव्हा दोन्ही खुबे जमिनीला जवळजवळ सारखे लागत होते. उठताना हाताचा रेटा द्यायचा राहून गेला आणि ते माझ्या आधी मुलीच्या लक्षात आलं.

ही पद्धत मोशे फेल्डेनक्रायस यांची. १९०४ मध्ये आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये भौतिकशास्त्र शिकला, फ्रान्समध्ये ज्युदो रुजवणाऱ्यांपैकी एक झाला. फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा पुन्हा पुन्हा त्रास देऊ लागला. शस्त्रक्रियेची खात्री कुणी देईना, तेव्हा तो स्वतःच्याच चालण्याचा अभ्यास करत बसला. त्यांच्याकडे शिकलेल्या टॉमस हॅना या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये अशा पद्धतींना ‘सोमॅटिक्स’ हे नाव रूढ केलं. हॅनांचं म्हणणं, वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेला स्नायू सैल कसा सोडायचा हेच मेंदू विसरतो. म्हणून त्याला ओढून लांब करण्यापेक्षा आधी किंचित आवळा आणि मग सावकाश सोडा. मांजर उठल्या उठल्या आळोखेपिळोखे देतं, त्याच जातीचं हे काम. प्रत्येक वैद्यकीय कसोटीवर हा सिद्धांत उतरलाय असं मी म्हणणार नाही. माझ्या अंगाला तो पटला, एवढंच.

पुण्याला परतल्यावर मात्र स्वतःचंच हसू आलं. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून उभी असलेली अय्यंगार गुरुजींची संस्था. तिच्यावरून कितीदा गेले असेन, पण योग म्हणजे पाय मानेमागे घेणाऱ्यांचं काम, असं समजून कधी आत डोकावले नव्हते. वास्तविक बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते आजारपणांनी पोखरलेलं बालपण मागे टाकून. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातांनंतर त्यांना आपली आसनं जवळजवळ नव्याने बांधावी लागली. पट्टा, लाकडी वीट, लोड, दोर आणि घडीची लोखंडी खुर्ची ही त्यांच्या पद्धतीची ओळख आहे आणि म्हाताऱ्या माणसांवर ते त्यांचे मोठे उपकार आहेत.

घराजवळ त्याच पद्धतीने शिकवणाऱ्या बाई भेटल्या. खुर्चीवर आडवं बसून, पाठीला धरून पीळ देण्याचं भारद्वाजासन त्यांनी पहिल्यांदा करून घेतलं. उजवीकडे मी सहज वळले, डावीकडे भिंत! बाई जर्मन बाईंसारख्या मवाळ नाहीत. “काकू, टाच! काकू, मान सोडा!” असा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज. पण एक वाक्य दोघींचं सारखं निघालं, जेवढं जमतंय त्याच्या अर्ध्यावर थांबा. आयुष्यभर शेवटच्या पैशापर्यंत हिशेब लावलेल्या बाईला अर्ध्यावर थांबणं किती जड जातं हे कॅशियरनाच कळेल. मला दोघींचीही गरज आहे. एकीने ऐकायला शिकवलं, दुसरी उभं राहायला शिकवते.

योगाला चमत्कार म्हणणाऱ्यांपासून मात्र मी चार हात लांब असते. अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या २२८ जणांवर केलेल्या एका अभ्यासात (२०११) पुस्तक वाचून स्वतःच उपाय करणाऱ्यांपेक्षा योगवर्गाला जाणाऱ्यांना जास्त आराम पडला, पण साध्या ताणाच्या व्यायामांच्या वर्गालाही तितकाच पडला. नियमाने, जपून, कुणाच्या तरी देखरेखीखाली हलणं, हेच त्यातलं औषध असावं. शिवाय नुसत्या हळुवार हालचालींवर म्हातारपण निभत नाही. वयाबरोबर स्नायू झडतात, त्यांना काम लागतं. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मी हात न टेकता खुर्चीवरून उठबस करते, ओट्याला बोटं लावून एका पायावर उभी राहते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेवढं सहज होतं.

दुखणं गेलं का, हा प्रश्न सगळे विचारतात. नाही गेलं. पावसाळी हवेत, लांबच्या एसटी प्रवासानंतर कंबर आपली हजेरी लावतेच. फरक असा की आता ती आवळू लागतानाच कळतं, आणि तिथल्या तिथे, एसटीच्या सीटवरही, ते घड्याळ फिरवता येतं. गोळी क्वचित लागते.

आमच्या पिढीने जमीन सोडली. पाट गेले, डायनिंग टेबल आलं, उकिडवं बसण्याची शेवटची जागा होती तीही कमोडने घेतली. पंगतीत बसलेली आजी पदर खोचून उठायची, त्यात आख्खा व्यायाम होता. आता कुणी पडलं की लागलेलं कमी असतं, पण उठता येत नाही म्हणून माणूस तासन्‌तास तसाच. म्हणून माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगणं आहे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, रात्रीची झोप मोडणारं दुखणं असेल, तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याची आणि जोराच्या पिळाची आसनं विचारल्याशिवाय करू नका. बाकीच्यांनी आजच सतरंजी काढा, भक्कम खुर्ची शेजारी ठेवा, घरात कुणीतरी असताना जमिनीवर बसा आणि उठा. जमेल त्याच्या अर्धंच, पण रोज.