दीडशे ओहमचा संसार

उरणच्या आमच्या घरात वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याचा आवाज बसला तेव्हा सौ. म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका." मी तडक मोरा बंदरातून लाँच पकडली आणि लॅमिंग्टन रोड गाठला. (रेल्वे उरणला आली २०२४ मध्ये, ही गोष्ट त्याआधीची.)

या रेडिओत ईएल ८४ हा व्हॉल्व्ह. त्याच्या कॅथोडखाली साधारण १५० ओहमचा रेझिस्टर. व्हॉल्व्हचा प्रवाह त्यातूनच चेसिसकडे जातो आणि जाता जाता कॅथोडला सातएक व्होल्ट वर उचलतो. त्यामुळे ग्रिड त्याच्या मानाने आपोआप ऋण! प्रवाह वाढला की लगाम आवळतो, व्हॉल्व्ह म्हातारा होऊन प्रवाह घटला की सैल सुटतो. आमच्या घरात पगाराचं हेच काम कोण करतं, ते सांगायला नको. शेजारी एक कपॅसिटर असतो. तो नसेल तर लगाम प्रत्येक सुराला बसतो आणि आवाज दबतो. आमचा नेमका तोच सुकला होता.

पण मला हौस! रेझिस्टरही बदलला. तपकिरी-हिरवा-तपकिरी म्हणजे १५०. मी चष्म्याविना आणला तपकिरी-हिरवा-काळा. म्हणजे १५! मिनिटभरात व्हॉल्व्हमधला पत्रा लालबुंद.

"अहो, हा पेटतोय!" म्हणत सौ.नेच बटण बंद केलं.

जुना रेझिस्टर केराच्या डब्यातून काढून परत जोडला. रेडिओ खणखणीत बोलू लागला. वडील ज्या खुर्चीत बसून बातम्या ऐकत, तिच्यात सौ. जाऊन बसली. परवा भंगारवाला आला होता. तिने त्याला रद्दी दिली.