संघाआधी मैदान

२०२३च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर या नावांचे सहा संघ उतरले. त्यांत जळगाव नव्हतं, धुळंही नव्हतं. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघानं १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकले, तो अभिमान खानदेशानं आपलाच मानला. तेव्हा आता वाटणीत नाव नसल्याची सल खरी आहे. पण नाव मिळालं असतं, तरी मिळालं काय असतं? सगळे सामने पुण्याजवळच्या गहुंजे इथल्या मैदानावर झाले. अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतक्त्यात वर असलेली रत्नागिरी जेट्स विजेती ठरली. रत्नागिरीच्या पोरांनी ते पाहिलं, तेही पडद्यावर. जळगावहून गहुंजे चारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. शाळकरी पोरानं तिथं संध्याकाळी जाऊन रात्री परतावं, हे होणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की संघ गावाचा होतो तो गावात खेळल्यामुळे.

अमेरिकेतल्या दुय्यम दर्जाच्या बेसबॉल लीगमध्ये याचा पुरावा सापडतो. मिसिसिपीकाठचं बर्लिंग्टन हे पंचवीसएक हजार वस्तीचं, धुळ्याहून कितीतरी लहान गाव. २०२०नंतर बड्या लीगनं संलग्न संघ १६०वरून १२०वर आणले, त्यात तिथल्या ‘बीज’ संघाचाही आधार सुटला. तरी पुढच्याच उन्हाळ्यात त्याच नावानं, त्याच मैदानावर कॉलेजची मुलं खेळू लागली. वरून येणारा पैसा गेला, पण मैदान गावातच होतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडच्या उन्हात कोण बसणार? पारा पंचेचाळिशीला टेकतो, हे खरंच. पण रणजीचा हंगाम हिवाळ्यातला, आणि खानदेशातली डिसेंबर-जानेवारीची दुपार क्रिकेटसाठीच घडवल्यासारखी असते. पैशाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी शेजारच्या नाशकात गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजीचे सामने होतात, तेही बांधीव स्टेडियमचा थाट नसताना. चांगली खेळपट्टी, तिची रोजची निगा आणि ती राखणारी माणसं एवढं तरी लागतंच, आणि ते नाशकानं जमवलं.

आपल्याकडे अडतं ते तिथं. जिल्ह्याच्या गावी पोरगा शिकतो सिमेंटच्या पट्टीवर, खिळे ठोकून ताणलेल्या मॅटिंगवर. कडा उसवलेल्या, मधे दोऱ्याचे पुंजके निघालेले. चेंडू तिच्यावरून हमखास उसळतो, म्हणून गोलंदाज आखूड टप्प्यावर विसंबतो. निवड चाचणीला तो हिरवळीच्या खेळपट्टीवर जातो तेव्हा तोच चेंडू कमरेखाली बसतो आणि फटका बसतो. त्याच्यात गुण नव्हता असं मग सांगितलं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. वर्षानुवर्षांचा सराव एका दुपारी खोटा पडतो, आणि दोष मात्र पोराच्या पदरात.

जळगावचं सागर पार्क घ्या. सभा, प्रदर्शनं, महोत्सव, सगळ्यांना तीच जागा. बहिणाबाईंच्या नावाचा महोत्सव व्हावाच, त्याला कोण नाही म्हणेल! पण मांडवाचे खुंट उपटल्यावर राहिलेल्या खड्ड्यांत क्षेत्ररक्षकाचा घोटा मुरगळतो. म्हणून मागणी करायची तर संघाच्या नावाची नको. जळगावात एक आणि धुळ्यात एक, सर्वांना खुली अशी हिरवळीची खेळपट्टी मागू, जिच्याभोवती बारा महिने दोर असेल आणि जिच्यावर कुठल्याही पक्षाचा मांडव पडणार नाही.