क्रियापदानंतरचे शब्द

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या मुसलमान मुलांना भाषेचे भय नसते. घरात अम्मीशी उर्दू, बाजारात मराठी, खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकाशी अहिराणी, असा त्यांचा दिवस जातो. एका भाषेतून दुसरीत शिरताना त्यांना उंबरठा लागत नाही. इंग्रजीपाशी आली की मात्र हीच मुले मुकी होतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इतर माध्यमांच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. शब्द पाठ झाले, स्पेलिंगे आली, तरी वाक्य हाती येत नाही, असे का व्हावे?

मोहल्ल्यातल्या मुला-मुलींना आम्ही संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. कोणी उर्दू शाळेतले, कोणी मराठी शाळेतले. त्यांना शिकवता शिकवता आमच्या ध्यानात आले की अडचण शब्दांची नाही, जागेची आहे. ‘अब्बा फज्रच्या नमाजनंतर दुकानावर जातात’ हे वाक्य घ्या. आधी वेळ, मग ठिकाण, शेवटी क्रियापद. उर्दूतही हाच क्रम, अहिराणीतही हाच. आपल्या कानाला सवय अशी की क्रियापद आले म्हणजे वाक्य संपले. इंग्रजी म्हणते, ‘अब्बा गोज टू द शॉप आफ्टर द फज्र नमाज’. क्रियापद सुरुवातीलाच येऊन जाते. ठिकाण आणि वेळ मागाहून येतात. जणू आपलेच वाक्य आरशात उलटे दिसते.

या मागाहून येणाऱ्या शब्दसमूहाला इंग्रजी व्याकरणात ‘ॲडव्हर्बियल फ्रेज’ म्हणतात. एकटा शब्द असेल तर मराठीत आपण त्याला क्रियाविशेषण म्हणतो. उर्दू शाळेत त्याचे नाव ‘मुतअल्लिक-ए-फेल’, म्हणजे क्रियेशी ज्याचा तअल्लुक आहे ते. मुलांना आम्ही हेच नाव आधी समजावतो, कारण त्यातच ओळखण्याची किल्ली आहे. क्रियापदाला विचारावे : केव्हा? कुठे? कसे? का? कोणत्या अटीवर? जो शब्दसमूह उत्तर देईल, तो क्रियेचा नातलग.

नाते नामाशी असेल तर गोष्ट निराळी. ‘स्टेशनजवळचे दुकान बंद आहे’ आणि ‘तो स्टेशनजवळ थांबला’ यांत मराठीने ‘चे’ लावून फरक दाखवला. उर्दूतही आपण ‘स्टेशन के पास वाली दुकान’ म्हणतो. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘निअर द स्टेशन’ एवढेच. तिथे ‘चे’ नाही, ‘वाली’ नाही. तो शब्दसमूह कोणाचा सोयरा, हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे.

कोणी म्हणेल, हे सारे परीक्षेपुरते. तसे नाही. मोहल्ल्यातल्या एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. आई शिलाई करून घर चालवणारी. एका कार्यालयातून इंग्रजीत पत्र आले : ‘युअर ॲप्लिकेशन विल बी कन्सिडर्ड ऑन प्रॉडक्शन ऑफ ओरिजिनल सर्टिफिकेट्स’. मुलीने ‘विल बी कन्सिडर्ड’पर्यंत वाचले. अर्जाचा विचार होणार म्हणून घरात आनंद झाला आणि ती वाट पाहत बसली. पुढचे पाच शब्द सांगत होते की मूळ दाखले दाखवल्यावरच विचार होईल. दाखले गेले नाहीत, मुदत टळली, शिष्यवृत्ती गेली. चौकशीला गेल्यावर खिडकीमागून उत्तर मिळाले, ‘पत्रात स्पष्ट लिहिले होते.’ लिहिले होते हे खरे. पण ते अशा जागी लिहिले होते, जिथे पोहोचण्याआधीच आपल्या मुलांचे वाक्य संपलेले असते.

मुदतीच्या शब्दांचेही असेच. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत कचेरी उघडी आहे’, दोन्हीकडे ‘पर्यंत’. उर्दूत दोन्हीकडे ‘तक’. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्यासाठी ‘टिल फ्रायडे’. एकात काम उरकण्याची शेवटची हद्द, दुसऱ्यात तोवर चालू राहणारी गोष्ट. ‘इन टू डेज’चा अर्थ मुले ‘दोन दिवसांत’ असा लावतात. पण ‘द बस विल लीव्ह इन टू डेज’ म्हणजे बस दोन दिवसांनी सुटेल. दोन दिवसांच्या आत असे सांगायचे तर सरकारी कागद ‘विदिन टू डेज’ लिहितो. तसेच ‘दहा वर्षांपासून’ किंवा ‘दस साल से’ म्हणण्याच्या सवयीने मुले ‘सिन्स टेन इयर्स’ लिहितात. तिथे ‘फॉर’ हवे. ‘सिन्स’ लागते ते सुरुवातीच्या ठरावीक वेळेला : ‘सिन्स २०१५’.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. उलट त्यांच्याजवळ जे आहे त्याचा उपयोग कोणी करून घेत नाही. त्या पत्रातला ‘ऑन’ घ्या. आपण ‘दाखवल्यावर’ म्हणतो, त्यात ‘वर’ आहे. ‘दिखाने पर’ म्हणतो, त्यात ‘पर’ आहे. इंग्रजीचा ‘ऑन’ तोच. तिन्ही भाषांनी एकच गोष्ट सांगितली, फक्त जागा बदलली. हे त्या मुलीला कोणी आधी सांगितले असते, तर ते पत्र तिला परके वाटले नसते.

सामान्य माणसाच्या हक्काची पत्रे त्याच्या भाषेत यावीत, ही मागणी आपण सोडू नये. पण ती मान्य होईपर्यंत मुलांचे नुकसान थांबणार नाही. म्हणून आम्ही मुलांना एक साधी सवय लावतो. इंग्रजी कागदात क्रियापद सापडले की आनंद किंवा दुःख करू नका. बोट पुढे सरकवा आणि पूर्णविरामापर्यंत विचारत राहा : कब, कहाँ, कैसे, किस शर्त पर. ज्यांच्या घरात मुले शिकत आहेत, त्या आई-बापांनीही एवढे विचारावे. त्यासाठी स्वतःला इंग्रजी यायलाच पाहिजे असे नाही.