लाल आकडा

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आमचा सर्व्हे कॅम्प भोर तालुक्यातल्या एका गावात होता. आठ दिवस, पाच जणांचा गट. कामं कुणी वाटलीच नाहीत, ती आपोआप ज्याच्या त्याच्याकडे गेली. लेव्हलवर, म्हणजे उंचीतला फरक मोजायच्या यंत्रावर, हात बसलेला मित्र दुर्बिणीशी उभा राहिला. गणितात पक्की मैत्रीण आकडेमोडीला बसली. फारसं न बोलणाऱ्या एकाच्या हाती चार मीटरचा स्टाफ (ओढून लांब करायची उभी मोजपट्टी) आला, दुसरा यंत्रावर छत्री धरू लागला. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही," म्हणून फील्ड बुक माझ्याकडे. दोन वर्षं मी हेच ऐकत होते आणि दोन वर्षांत लेव्हलला हात लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवरच्या बेंचमार्कपासून ओढ्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं, मिळून दीड किलोमीटर. पायरीची उंची १००.००० मीटर धरली होती. संध्याकाळी परतलो तेव्हा तीच पायरी १०१.०१० भरली. सरांनी घालून दिलेली मर्यादा किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाला १२ ने गुणून येईल तेवढ्या मिलिमीटरची, म्हणजे आमच्यासाठी जेमतेम १५. आम्ही मीटरभर चुकलो होतो.

यंत्राच्या प्रत्येक जागेवरून घेतलेल्या पहिल्या रीडिंगच्या, म्हणजे बॅकसाइटच्या, बेरजेतून शेवटच्या रीडिंगची, म्हणजे फोरसाइटची, बेरीज वजा केली की शेवटच्या आणि पहिल्या उंचीमधला (आरएलमधला) फरक यायला हवा. तो तंतोतंत येत होता. म्हणजे आकडेमोड बरोबर, मुळात लिहिलेलाच एखादा आकडा चुकीचा. मग सुरू झालं. "तू चुकीचं ऐकलंस." "तू चुकीचं वाचलंस." मी माझी वही छातीशी धरून भांडले. रात्री जेवणं झाली तरी कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

स्टाफ धरणारा कोपऱ्यात वही चाळत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ओढ्याच्या कडेचं रीडिंग १.८६५ लिहिलंय. तिथं मला स्टाफचा सगळ्यात वरचा भागही ओढावा लागला होता."

एवढंच. आमच्या स्टाफचा तो भाग २.७५ मीटरच्या वर सुरू होतो. नजर पावणेदोन-दोन मीटरवर पडत असती तर तो ओढायची गरजच नव्हती. खरं रीडिंग २.८६५ असणार. मीटरचा आकडा स्टाफवर लाल रंगात असतो आणि यंत्र जवळ असलं की तो दुर्बिणीच्या छोट्या वर्तुळात येतच नाही. अशा वेळी स्टाफ हळूहळू वर उचलायला सांगतात, लाल आकडा दिसेपर्यंत. घाईत आम्ही ते सांगितलं नव्हतं. मीही ऐकलेला आकडा मोठ्यानं परत म्हटला नव्हता. उतार पायांनी मोजणारा आमच्यातला तो एकटाच होता, आणि दिवसभर आम्ही त्याला "वर", "खाली", "सरळ धर" यापलीकडे काही बोललो नव्हतो. याची मला आजही लाज वाटते.

एकाचे दोन करायला मी पेन उचललं, तर सर म्हणाले, "वहीत खाडाखोड नाही. उद्या पुन्हा मोजा."

दुसऱ्या दिवशी दर वेळी यंत्र हलवलं की कामं बदलायची असं ठरलं. लेव्हलवाला मित्र वैतागला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, काम खरंच निम्म्या वेगानं चाललं. बबल मध्यावर आणायला मला पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागली. यंत्राच्या पायाचे स्क्रू फिरवताना दोन्ही अंगठे एकाच वेळी आत किंवा एकाच वेळी बाहेर फिरवायचे, हे त्यानंच शेजारी उभं राहून शिकवलं. आकडेमोडवाली मैत्रीण स्टाफ घेऊन ओढ्यात उतरली आणि तिथूनच ओरडली, "अरे, इथून तुम्ही दिसतच नाही!" छत्रीवाला मात्र उशिराच येत राहिला. त्याच्यावर आम्हाला उपाय सापडला नाही.

पायरीवर परतलो तेव्हा फरक ५ मिलिमीटरचा होता.

त्या दिवसाचं पान पाच अक्षरांत आहे. ओढ्याच्या ओळीवर, शेऱ्याच्या रकान्यात, स्टाफवाल्यानं बारीक तिरप्या अक्षरात लिहिलंय: 'डावी कड, सपाट दगड. तिसरा भाग ओढला. लाल २ पाहिला.'