नरिमन पॉइंटचा वाद्यवृंद

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनें निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईस उतरतो. राणीचा बाग, चौपाटी व गेटवे पाहून झालें म्हणजे मुंबई पाहिली, असें आपण समजतों. परंतु गाण्याची आवड असलेल्या कुटुंबानें नरिमन पॉइंटच्या टोंकाचें, समुद्रालगतचें एन. सी. पी. ए. हें कलाकेंद्रहि पाहावें. तेथील जमशेद भाभा नाट्यगृहांत ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात.

खुश्रू सनटूक यांनीं कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या साहाय्यानें २००६ सालीं हा वृंद उभा केला. पुष्कळसे वादक परदेशांतून आणावे लागत. संगीत युरोपचें, वादक परके. मग हा खटाटोप कशाला, असें कोणीहि विचारील.

या प्रश्नाचें उत्तर २०१५ सालीं मिळालें. त्या वर्षीं उस्ताद झाकीर हुसेन यांनीं वृंदासाठीं तबला व वाद्यमेळ यांची एक नवी रचना केली. तिचें नांव ‘पेशकार’. हा शब्द मराठवाड्यांतील वडील मंडळींस परका नाहीं. निजामी अमदानींत कचेरींत अंमलदारापुढें कागद मांडणारा तो पेशकार. तबल्यांतहि एकल वादनाच्या आरंभीं ताल संथपणें उलगडून दाखवितात, त्या भागास पेशकारच म्हणतात. मुंबईच्या वृंदानें या नांवानें आपलाच परिचय जगापुढें मांडला. २०१६ च्या जानेवारींत स्वित्झर्लंडमध्यें व २०१९ च्या फेब्रुवारींत ब्रिटनमध्यें तो ही रचना घेऊन गेला. बेथोव्हन ऐकण्यास तिकडच्या लोकांना मुंबईची गरज नाहीं. मुंबईजवळच आहे तें ऐकण्यासाठीं मात्र मुंबईसच बोलवावें लागतें.

अमेरिकेंतील लुइव्हिल शहरानें हाच मार्ग १९४८ सालीं धरला होता. नामांकित पाहुण्या वादकांच्या बिदागीवर जाणारा पैसा नव्या रचनांकडे वळवावा, असें नगराध्यक्ष चार्ल्स फार्न्सली यांनीं सुचविलें. डबघाईस आलेला तेथील वृंद त्यामुळें तरला, आणि १९५३ सालीं रॉकफेलर निधीनें त्यास ४ लाख डॉलर दिले.

नव्याला थारा दिल्यानें जुन्याची अप्रतिष्ठा होते, ही भीति आपल्याकडे फार. पण आपल्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईनें दळण-कांडणाच्या भाषेंत अभंग रचिले, तेव्हां तेहि नवेच होते. लोकांनीं ते आपल्या कंठीं घेतले, म्हणून ते जुने होऊं शकले.

‘पेशकारा’ची खरी कसोटी आतां आहे. झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजीं निवर्तले. ही रचना त्यांच्या बोटांबरोबरच थांबली, तर ती एका थोर कलावंताची आठवण होऊन राहील. दुसऱ्या तबलजीनें ती उचलली, तर परंपरा होईल. तें ठरविणें पुष्कळसें श्रोत्यांच्या हातीं आहे. यासाठीं मुंबईस जाणें झाल्यास मुलांबाळांसह या नाट्यगृहीं जावें, आणि कार्यक्रमपत्रिकेंत एखाद्या नव्या रचनेचें नांव असेल, तोच दिवस मुद्दाम निवडावा.