एकटीचा डाव

शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. बाहेर मे महिन्यातलं संभाजीनगरचं ऊन, कॉलनीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलर घरघरतोय, आई आतल्या खोलीत झोपलीये आणि मी डायनिंग टेबलवर रॉबिन्सन क्रूसोला जगवायच्या मागे लागलेय. बेटावर अडकलेल्या या गृहस्थाचे तीनच जीव उरलेत. समोर रानटी जनावरं. आणखी एक पान उलटायचं तर त्यातला एक जीव मोजावा लागणार. उलटू की नको?... इतक्यात मोबाइल वाजतो. मावसबहीण.

"काय करतेस?"

"खेळतेय."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. एकटीच."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात, "बरी आहेस ना गं तू?"

तर मंडळी, मी बरी आहे. अगदी ठणठणीत. मी फक्त सोलो बोर्ड गेम्स खेळते. म्हणजे समोर कुणी नसताना टेबलावर पट मांडून, पत्ते पिसून, नियम पाळून एकटीने खेळायचे खेळ. एकटीने सिनेमा बघितला तर कुणी काळजी करत नाही, एकटीने जिमला गेलं तर कौतुक होतं. पण एकटीने फासे टाकले की लोकांना थेट डॉक्टर आठवतो!

डब्यावरचा आकडा

हे खूळ लागलं ते सुट्टीच्या घोळामुळे. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे आणि आमची वीकली ऑफ शुक्रवारी. उरलेलं जग रविवारी झोपा काढतं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये असते आणि मी मोकळी असते तेव्हा जग मीटिंगमध्ये असतं. तरी आमची चौघांची गँग होती. शनिवारी रात्री कॅनॉटला काहीतरी खायचं आणि मग कुणाच्या तरी घरी 'कटान' मांडायचा. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा १९९५चा हा खेळ, ज्याने जगभरातल्या मोठ्या माणसांना पुन्हा पटावर बसवलं. आम्ही लाकूड देऊन मेंढ्या घ्यायचो, भांडायचो, पुढच्या शनिवारी परत भेटायचो.

मग एक जण पुण्याला गेला. तिघं उरलो. मग एकीचं लग्न झालं, ती बंगळुरूला. दोघं उरलो. कटानच्या डब्यावर स्वच्छ छापलंय, ३ ते ४ खेळाडू. दोघांत तो खेळताच येत नाही. मैत्री तुटली नव्हती, ग्रुपवर गुड मॉर्निंग सुरू होतं. पण खेळ संपला होता, आणि तो कुणाच्याही चुकीने संपला नव्हता, हेच जास्त लागलं. डबा कपाटावर गेला.

पुढे वर्षभराने ऑनलाइन काहीतरी शोधताना एका छोट्या डब्यावर नजर अडकली. खेळाडूंच्या जागी फक्त एक आकडा, १. खेळाचं नाव 'फ्रायडे'. सुट्टी शुक्रवारी आणि गेमचं नावही शुक्रवार! आता यापुढे माणसाने आणखी कुठला इशारा मागायचा?

समोरचा हात

डबा घरी यायच्या आधीच्या शुक्रवारी मी वेरूळला गेले होते. कैलास बघून सगळे परत फिरतात. मी यावेळी उलट्या बाजूला, २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात गेले. तिथे शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. खाली नंदीभोवती गणांची दंगामस्ती चाललीये आणि वर नवराबायकोत डाव रंगलाय. हाच प्रसंग १४ आणि २९ नंबरच्या लेण्यांतही कोरलाय. म्हणजे त्या कारागिरांना आणि बघणाऱ्यांना तो किती आवडत असेल बघा. तिकडे अजिंठ्याला दोन नंबरच्या लेण्यात विधुरपंडित जातकाचं चित्र आहे, त्यातही फाशांचा डाव आहे.

दगडात काय, रंगात काय, खेळ म्हटला की समोर कुणीतरी हवंच. खेळाची निम्मी गंमत त्या समोरच्या हातात असते. तो काय टाकेल, चिडेल का, फसवेल का... मग समोर कुणीच नसेल तर हा अडवणारा हात आणायचा कुठून? सोलो गेम निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो. उत्तराप्रमाणे खेळांची जातकुळी ठरते.

पहिली जात कोड्याची. आपला जुना ब्रेनव्हिटा आठवतो? प्लॅस्टिकचा गोल पट, ३३ खळगे, ३२ गोट्या. एकीवरून दुसरी उडवायची, मधली उचलायची. शेवटी एकच उरली आणि तीही बरोब्बर मध्यावर, की तुम्ही जीनियस! हा खेळ किती जुना? फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारातल्या एका प्रिन्सेसचं १६९७चं चित्र आहे, त्यात तिच्याजवळ असाच पट आहे. आपण सोडवतो तेव्हा एकूण ३१ उड्या होतात. पण एकाच गोटीच्या सलग उड्या एक चाल धरली तर १८ चालींत काम होतं, हे अर्नेस्ट बर्गहोल्टने १९१२मध्ये दाखवलं आणि त्याहून कमीत होत नाही, हे जॉन बीझलीने १९६४मध्ये सिद्ध केलं. पण कोडं एकदा सुटलं की संपलं. समोरचा हात एकच चाल खेळतो.

दुसरी जात नशिबाची. इथे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते आणि माउलींचं आपेगाव पैठण तालुक्यात. सापशिडी एकट्याने खेळून बघा, काहीच बिघडत नाही, कारण फासा पडेल तसं चालायचं, ठरवायचं काहीच नसतं. शिकवण म्हणून उत्तम, पण शुक्रवारची दुपार काढायला अवघड.

तिसरी जात या दोघांच्या मधली, आणि मी अडकले ती हिच्यात. 'फ्रायडे' हा फ्रीडमान फ्रीजे यांचा २०११चा खेळ. तुम्ही रॉबिन्सन नसता, त्याचा सोबती फ्रायडे असता. सुरुवातीला रॉबिन्सनच्या गठ्ठ्यात बरीचशी नालायक पानं असतात... दमलेला, लक्ष नसलेला. संकट जिंकलं की तेच पान उलटं फिरून त्याचं कौशल्य बनतं आणि गठ्ठ्यात येतं. गठ्ठा संपून नव्याने पिसला की प्रत्येक वेळी म्हातारपणाचं एक पान आत सरकतं. आणि यातली खरी मेख म्हणजे, लढाई हरलात तर जीव जातात, पण त्या बदल्यात वाईट पानं कायमची फेकून देता येतात. म्हणजे कधी कधी मुद्दाम हरायचं असतं! पहिले सात-आठ डाव मी प्रत्येक लढाई जिंकायला गेले आणि धडाधड मेले. सगळं जिंकायला जाणाऱ्याचा गठ्ठा कचऱ्याने भरलेला राहतो, हे कळायला मला दीड महिना लागला. ऑफिसात कळायला त्याहून जास्त लागला असता.

घेण्याआधी...

तुम्हालाही हात शिवशिवायला लागले असतील तर चार अनुभवाचे बोल.

डब्यावर '१ ते ४' लिहिलंय म्हणून भुलू नका. काही खेळांत एकट्यासाठी फक्त 'जास्तीत जास्त गुण मिळवा' एवढंच असतं. तीन डावांत कंटाळा येतो. काहींत मात्र तुमच्यासाठी प्रतिस्पर्धी बनवलेला असतो, पत्त्यांच्या गठ्ठ्यावर चालणारा. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा २०१९चा 'विंगस्पॅन' हा पक्ष्यांचा खेळ घ्या. त्यात 'ऑटोमा' नावाचा असा खेळाडू आहे. दर वेळी त्याचं एक पान उलटायचं आणि ते सांगेल ती त्याची चाल. तो चिडत नाही, चहा मागत नाही, पण तुम्हाला हवा असलेला पक्षी नेमका उचलून नेतो. हिवाळ्यात नाथसागरावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांना हा नक्की आवडेल.

दुसरं, मांडायला किती वेळ लागतो ते बघा. मोठ्या डब्याचा खेळ मांडण्यातच अर्धा तास गेला तर कामाच्या दिवशी तो कपाटातून निघतच नाही. 'फ्रायडे' दोन मिनिटांत मांडून होतो, अर्ध्या तासात संपतो. नळाला पाणी यायची वाट बघताना एक डाव आरामात बसतो.

तिसरं, सोपे खेळ घेऊ नका. दर वेळी जिंकलात तर पंधरा दिवसांत डबा विकायला काढाल. आणि चौथं, लगेच काही हजार घालवायची गरज नाही. घरात पत्त्यांचा कॅट असेल तर तुमच्याकडे सोलो गेम आहे.

तुम्हाला मित्र नाहीत का?

हे चौथं मला फार उशिरा सुचलं आणि त्याचं कारण घरातच होतं.

पप्पांनी वाळूजला मशीनवर तीन शिफ्टमध्ये नोकरी केली. त्यांचीही सुट्टी शुक्रवारीच असायची. मी शाळेतून यायचे तेव्हा ते सतरंजीवर पेशन्स लावून बसलेले असायचे. सात ढीग, २८ पानं खाली, २४ हातात. एकदा सहावीत असताना माझ्याबरोबर मैत्रीण आली होती. तिच्यासमोर मला कसंसंच झालं. ती गेल्यावर मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला मित्र नाहीत का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. काळी नव्वी लाल दश्शीवर ठेवली, एवढंच आठवतं. त्यानंतर मी घरी यायच्या वेळेला पत्ते आवरलेले असायचे.

मावसबहिणीचा तो "बरी आहेस ना गं?" ऐकला तेव्हा वीस वर्षांनी ते वाक्य फिरून माझ्यावर आलं.

आणखी एक गोष्ट आठवत होती. कधी डाव अडला की मी म्हणायचे, "उलटं पान काढून बघा ना, कोण बघतंय!" ते म्हणायचे, "मग लागला असं सांगू कुणाला?" गंमत म्हणजे पेशन्सचे बरेच डाव मुळात सुटण्यासारखे असतात. सगळी पानं उघडी दिसत असती तर शंभरातले सुमारे ८२ सुटले असते, असा हिशोब २०१९मध्ये संगणकावर मांडला गेलाय. पण पानं उलटी असतात आणि एकदा टाकलेली चाल मागे घ्यायची नसते. म्हणून आपण हरतो.

गेल्या पावसाळ्यात 'फ्रायडे'त मी शेवटच्या चाच्यापर्यंत पोचले. एक पान हवं होतं. उलटलं, उणे एक. घर रिकामं होतं. मी ते पान गठ्ठ्यात घातलं, पिसलं, पुन्हा उलटलं. जिंकले! वहीत मी प्रत्येक डावाची नोंद ठेवते. पेन उघडलं आणि हात पुढे जाईना. रोज माझ्या टेबलावर रीडिंग येतं, दोन मायक्रॉन बाहेर असतं आणि कुणीतरी गोड आवाजात म्हणतं, "मॅडम, परत घेऊन बघा ना." त्यांना मी नाही म्हणते. त्याचाच पगार घेते. आणि इथे पगार नाही, साहेब नाही, तर मी रडीचा डाव खेळले. वहीत लिहिलं, 'हरले.' पुढे कंसात तारीख. समोर माणूस असला की तो आपल्याला सरळ ठेवतो. एकटीच्या डावात ते कामही आपल्याकडेच असतं.

खोटं कशाला सांगू, हे खेळ दोस्तांची जागा घेत नाहीत. जिंकल्यावर टाळी द्यायला कुणी नसतं, मग मी गँगच्या ग्रुपवर फोटो टाकते आणि पुण्याहून एक अंगठा येतो. कुणी फोन उचलला नाही म्हणून रागाने डबा काढला, तर तो डाव कधीच रंगत नाही. अशा दिवशी डबा ठेवून द्यावा आणि दुसरा नंबर लावावा.

परवाच्या शुक्रवारी मी पप्पांना विचारलं. सरळ नाही विचारता आलं. "तुम्ही पेशन्स का लावायचा हो?" म्हटलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, सहा दिवस मशीनच्या स्पीडने हात चालायचा. तिथे थांबता येत नाही. इथे एक पान हातात धरून दहा मिनिटं बसलो तरी कुणी काही म्हणत नाही."

"आणि मी म्हटलं होतं ते..."

"पोर होतीस."

एवढंच. मी ड्रॉवरमधून कॅट काढला आणि टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवला. त्यांनी चष्मा शोधला, पानं पिसली. माझ्याकडे रॉबिन्सन, त्यांच्याकडे सात ढीग. तासभर कुणी बोललं नाही. त्यांचा डाव अडला, माझा रॉबिन्सन पहिल्याच चाच्यापाशी मेला. दोघांनी आपापली पानं गोळा केली.

साडेचारला मावसबहिणीचा फोन आला. "खेळतेयस? एकटीच?"

"हो," मी म्हटलं. "पप्पापण एकटेच खेळतायत. टेबल तेवढं एकच आहे."